भूक कोणाला लागली आहे?



आपल्या अभ्यासवर्गात आपण स्थूल देह, वासनादेह आणि मनोदेह यांविषयी पुष्कळ वाचतो व बोलतो. कोणता देह कशाचा बनला आहे आणि त्याचे कार्य काय, हे अनेकांना तोंडपाठ असते. परंतु दुपारी चार वाजता चहाबरोबर गरम भज्यांची बशी समोर आली की हे सारे ज्ञान कोठे जाते, ते समजत नाही. आजचा अभ्यास त्या चार वाजण्याविषयी आहे.

विषय निवडण्यामागचे कारण वैयक्तिक आहे, म्हणून ते आधी सांगतो. माझ्या वडिलांना मधुमेह होता. शेवटच्या काही वर्षांत त्यांची दृष्टी गेली आणि रोज सकाळी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवणे हे माझे काम झाले. पन्नाशी ओलांडल्यावर माझाही रक्ततपासणीचा अहवाल ‘सीमारेषेवर’ असा आला. डॉक्टरांनी सहा-सात किलो वजन कमी करण्यास सांगितले. मी तीन वेळा सुरुवात केली आणि तीनही वेळा महिन्या-दीड महिन्यात सोडून दिली. सोडताना प्रत्येक वेळी मनात एकच वाक्य असे : ‘मला भूक सहन होत नाही.’ पुढे अड्यारला काही आठवडे अभ्यासासाठी राहण्याचा योग आला, तेव्हा हे वाक्यच तपासून पाहायचे ठरवले. त्यात ‘मला’ म्हणजे कोणाला?

हा प्रश्न एकट्या-दुकट्याचा नाही. चेन्नईतील मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनने भारतीय वैद्यक संशोधन परिषदेबरोबर केलेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशातील सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. प्रौढांपैकी सुमारे ३९.५ टक्के लोकांच्या पोटावर प्रमाणाबाहेर चरबी आहे. म्हणजे आपल्या कोणत्याही अभ्यासवर्गात दहा जण बसले असतील, तर हा विषय त्यातील तिघा-चौघांच्या अंगाला लागूनच आहे.

इतिहासातील एक प्रसंग

वजनाचा प्रश्न थिऑसॉफिकल सोसायटीच्या संस्थापकांनाही चुकला नव्हता. कर्नल ऑल्कॉट यांनी ‘ओल्ड डायरी लीव्हज’ या आठवणींच्या पहिल्या खंडात एक प्रसंग सांगितला आहे. १८७८ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कहून भारतात येण्यास निघण्यापूर्वी मॅडम ब्लॅव्हॅट्स्की यांचे वजन २४५ पौंड, म्हणजे सुमारे १११ किलो भरले. प्रवासासाठी ते १५६ पौंडांवर, म्हणजे सुमारे ७१ किलोंवर आणायचे, असे त्यांनी जाहीर केले. रोज प्रत्येक जेवणानंतर दहा मिनिटांनी त्या एका लहान प्याल्यात साधे पाणी मागवत, त्यावर तळहात धरून एकाग्र दृष्टीने पाहत आणि पिऊन टाकत. काही आठवड्यांनी ऑल्कॉट यांच्या बहिणीबरोबर जाऊन त्यांनी वजन केले, तर ते बरोबर १५६ पौंड भरल्याचा दाखला काटेवाल्या दुकानदाराने दिला.

ही हकीकत येथपर्यंतच सांगितली तर ती चमत्काराची गोष्ट होते. परंतु ऑल्कॉट प्रामाणिक लेखक होते. त्यांनी पुढेही लिहिले आहे की भारतात आल्यावर काही काळाने स्थूलता परत आली आणि ती अखेरपर्यंत राहिली. १८८२ च्या डिसेंबरात मुख्यालय मुंबईहून अड्यारला आले. १८८५ साली ब्लॅव्हॅट्स्की अतिशय आजारी अवस्थेत अड्यार सोडून गेल्या. त्या येथे पुन्हा आल्या नाहीत.

या प्रसंगात मला दोन गोष्टी दिसतात. पहिली, प्रखर इच्छाशक्ती असलेल्या व्यक्तीचेही उतरलेले वजन परत येऊ शकते. तेव्हा ज्यांचे परत आले त्यांनी स्वतःला दुबळे, पापी किंवा साधनेला नालायक समजण्याचे कारण नाही. दुसरी, वजन उतरवणे आणि उतरलेले सांभाळणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले निर्धाराने होते. दुसऱ्याला समजूत लागते.

शरीराची भूक कशी चालते

भुकेची समजूत शरीरापासून सुरू करू. १९९४ साली लेप्टिन आणि १९९९ साली घ्रेलिन या दोन संप्रेरकांचा शोध लागला. लेप्टिन चरबीच्या पेशींतून स्रवते आणि ‘साठा पुरेसा आहे’ असे मेंदूला कळवते. घ्रेलिन मुख्यतः जठरातून स्रवते आणि ‘आता खा’ असे सांगते.

यातील दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. एक, घ्रेलिन आपल्या नेहमीच्या जेवणाच्या वेळेआधी वाढते आणि त्या वेळी जेवलो नाही तरी काही वेळाने उतरते. म्हणजे भूक ही लाटेसारखी आहे. ती चढते, माथ्यावर पोहोचते आणि ओसरते. आपली भीती अशी असते, की आता खाल्ले नाही तर ती वाढतच जाईल. प्रत्यक्षात तसे होत नाही. अड्यारच्या भोजनशाळेत जेवणाच्या वेळा ठरलेल्या असत आणि अधेमध्ये काही मिळत नसे. पहिल्या दोन दिवशी मला अकरा वाजता पोटात खड्डा पडल्यासारखे होई. तिसऱ्या दिवशी घड्याळ घेऊन बसलो. अकराला सुरू झालेली तगमग पावणेबारापर्यंत आपोआप ओसरली आणि मी तोपर्यंत काहीही खाल्ले नव्हते. पन्नास वर्षांत ही गोष्ट मी पहिल्यांदा पाहिली, कारण तोपर्यंत एकाही लाटेला मी ओसरू दिले नव्हते.

दुसरी गोष्ट थोडी कठीण आहे. वजन उतरते तसे लेप्टिन कमी होते आणि शरीराला वाटते की दुष्काळ पडला. मग ते भूक वाढवते आणि ऊर्जा जपून खर्च करू लागते. हजारो वर्षे दुष्काळांतून तगून राहिलेल्या देहाची ही शहाणी व्यवस्था आहे. ती आपला शत्रू नाही. पण म्हणूनच उतरवलेले वजन परत येऊ शकते. आठवड्याला साधारण अर्धा किलो किंवा त्याहूनही कमी, एवढ्या संथ गतीने गेले तर शरीराशी भांडण कमी होते.

उपासमारीने वासना मरत नाही

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात डॉ. अँसेल कीज यांनी एक प्रयोग केला. युद्धात शस्त्र धरण्यास सद्सद्विवेकबुद्धीने नकार दिलेले ३६ निरोगी तरुण स्वेच्छेने त्यात आले. युद्धाने उपाशी राहिलेल्या लोकांना पुन्हा कसे पोसावे, हे जगाला कळावे हा हेतू होता. त्यांना २४ आठवडे गरजेच्या सुमारे निम्मे अन्न दिले गेले आणि त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांश घटले.

ही माणसे ध्येयवादी होती, निर्धाराची होती. तरीही त्यांच्या मनात अन्नावाचून दुसरे काही उरले नाही. ते ताटे चाटत, पाककृतींची पुस्तके जमवून तासन् तास वाचत बसत. ज्या चळवळीसाठी ते आले होते, तिच्यातला त्यांचा रस आटला. प्रयोग संपल्यावर मोकळे अन्न मिळू लागले, तेव्हा कित्येकांचे पोट भरूनही समाधान होईना.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील एक विचार येथे आठवतो. आहार तोडणाऱ्यापासून विषय दूर होतात, पण त्यांची गोडी आत शिल्लक राहते. आणि सहाव्या अध्यायात सांगितले आहे की फार खाणाऱ्याला योग साधत नाही, तसा अजिबात न खाणाऱ्यालाही साधत नाही. ‘युक्ताहार’ हा शब्द आपण नेहमी वापरतो. त्याचा अर्थ दोन्ही बाजूंनी घ्यावा लागतो. ‘उद्यापासून फक्त काकडी आणि ताक’ हा निर्धार जितका कडक, तितकी परवाची भजी जवळ.

आपल्याकडे याची एक घरगुती आवृत्ती आहे. एकादशीला धान्य सोडायचे आणि साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, शेंगदाण्याचा लाडू, रताळ्याचा कीस असे सर्व घ्यायचे. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ असे लोक उगाच म्हणत नाहीत. तेथे देहाने उपवास केलेला असतो आणि वासनेने पारणे.

घोडा आणि स्वार

१९१० च्या डिसेंबरात अड्यारहून ‘अ‍ॅट द फीट ऑफ द मास्टर’ हे छोटे पुस्तक निघाले. ते ‘अल्सिओनी’ या नावाने लिहिणारे जे. कृष्णमूर्ती तेव्हा अवघे पंधरा वर्षांचे होते. त्यात देहाला घोड्याची उपमा दिली आहे. घोड्याची निगा राखावी, त्याला योग्य व शुद्ध अन्न द्यावे, त्याच्याकडून अतिश्रम करून घेऊ नयेत. परंतु लगाम स्वाराच्या हाती असावा, घोड्याच्या नव्हे. त्यात असेही समजावले आहे, की देहाला खावेसे, फिरावेसे, विसावावेसे वाटते, तेव्हा अजाण माणूस ‘मला हे हवे’ असे समजतो. जाणता माणूस ओळखतो की हे मागणारा मी नव्हे, आणि त्याला जरा थांबायला सांगतो.

येथे ‘जरा थांब’ हा शब्द महत्त्वाचा. ‘गप्प बस’ किंवा ‘मर’ असे म्हटलेले नाही. आपण बहुधा दोन चुका करतो. एक तर घोडा नेईल तिकडे जातो, नाही तर त्याला उपाशी ठेवून चाबूक मारतो. दोन्हींत प्रवास होत नाही.

मग पहिला प्रश्न हाच, की या क्षणी भूक कोणाला लागली आहे?

स्थूल देहाची भूक हळूहळू येते. शेवटच्या जेवणाला तीन-चार तास झालेले असतात. ती अमुकच पदार्थ मागत नाही आणि पोट भरले की शांत होते.

वासनेची भूक अचानक येते, बहुधा वासाने, दर्शनाने किंवा दुसऱ्याच्या ताटाने. तिला ठरावीकच चव हवी असते आणि पोट भरलेले असतानाही ती येऊ शकते.

मनाची भूक तर अन्नाची नसतेच. कंटाळा, एकटेपणा, ऑफिसातला अपमान, मुलांची काळजी यांपैकी काहीतरी फरसाणाच्या डब्याचा वेष घेऊन आलेले असते.

ओळखण्याची कसोटी आपल्या आजीने देऊन ठेवली आहे : भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा. खऱ्या भुकेला कोंडाही चालतो. ज्या भुकेला भाकरी चालत नाही, भजीच लागतात, ती पोटाची नव्हे.

अड्यारजवळच्या बेझंट नगरात, डॉ. अ‍ॅनी बेझंट यांच्या नावाच्या वस्तीत, समुद्रकिनारी संध्याकाळी भजीवाले आणि सुंडलवाले दोघेही उभे असतात. सुंडल म्हणजे उकडलेल्या हरभऱ्याची किंवा वाटाण्याची, वर मोहरी-कढीपत्त्याची फोडणी आणि ओले खोबरे घातलेली कोरडी उसळ. एका संध्याकाळी फार भूक लागली आहे असे वाटून मी भजीवाल्याकडे निघालो आणि मध्येच स्वतःला विचारले, ‘सुंडल चालेल का?’ उत्तर आले, ‘नको, मग राहू दे.’ तेथेच कळले की भूक मुळी लागलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी लांब फेरफटका मारून आल्यावर तोच प्रश्न विचारला, तेव्हा उत्तर आले, ‘हो, चालेल.’ त्या दिवशी सुंडल खाल्ले आणि ते फार गोड लागले. दोन्ही दिवशी मी स्वतःशी भांडलो नाही. फक्त विचारले.

चार साधने, रोजच्या ताटात

त्याच पुस्तकात साधकाची चार साधने सांगितली आहेत : विवेक, वैराग्य, सदाचार आणि प्रेम. ती मोठ्या मार्गासाठी आहेत, हे खरे. परंतु मोठ्या मार्गाचा सराव लहान गोष्टींवरच करता येतो.

१. विवेक : वर सांगितलेली ओळख हाच विवेक. त्याबरोबर देहाची खरी भूक नीट भागवणेही आले, कारण अर्धपोटी देह दिवसभर कुरकुरत राहतो. प्रत्येक जेवणात प्रथिने असावीत. आपले पातळ वरण पुरेसे नसते. घट्ट आमटी, मटकीची किंवा हरभऱ्याची उसळ, दही, पनीर, सोयाबीन यांपैकी काहीतरी वाटीभर हवे. प्रथिने आणि चोथा असलेले जेवण अधिक वेळ टिकते. ताटाचा अर्धा भाग भाजी, कोशिंबीर, फळे यांनी भरावा आणि भात-पोळी उरलेल्या जागेत बसवावी. सुरुवात कोशिंबिरीने व उसळीने करून भात शेवटी घेतला, तर तो आपोआप कमी लागतो. सावकाश जेवावे. पोट भरल्याची वर्दी मेंदूला पोहोचण्यास साधारण वीस मिनिटे लागतात आणि आपण बहुतेक जण दहा मिनिटांत उठतो.

२. वैराग्य : वैराग्य म्हणजे पुरणपोळीचा द्वेष नव्हे. ज्याचा द्वेष करतो त्याचेच चिंतन होते. वासना उठली की तिला ‘वीस मिनिटांनी पाहू’ असे सांगावे. तेवढ्यात पाणी प्यावे, फेरी मारावी, एखादे काम हातावेगळे करावे. लाट ओसरली तर ओसरली. नाही ओसरली आणि पदार्थ खावासाच वाटला, तर ताटलीत थोडा घेऊन, बसून, चव घेऊन खावा. डब्यातून उभ्याने खाल्लेले पोटाला पोहोचते, पण मनाला पोहोचत नाही. ज्या पदार्थापुढे आपले काही चालत नाही, तो घरात साठवून ठेवू नये. मोहाशी रोज कुस्ती खेळण्यापेक्षा आखाडाच दूर ठेवलेला बरा.

३. सदाचार : येथे याचा अर्थ नियमितपणा असा घेतो. महाराष्ट्रात गेली काही वर्षे दोन पद्धतींवर घरोघरी वाद झाले. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवर आधारून डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवसातून दोनदाच, प्रत्येकी ५५ मिनिटांच्या आत जेवण्याची पद्धत मांडली. ऋजुता दिवेकर यांनी घरचे, परंपरागत अन्न दिवसभरात थोडे थोडे खाण्याचा आग्रह धरला. दोन्हींचा लाभ झालेली माणसे भेटतात. दोन्ही सोडून दिलेलीही भेटतात. पद्धत कोणतीही असो, आपल्या प्रकृतीला, कामाच्या वेळांना आणि घराला ती वर्षानुवर्षे झेपेल का, हा खरा प्रश्न आहे. वेळा ठरल्या की भूकही त्या वेळा शिकते. झोप सात तासांच्या आसपास असावी, कारण अपुऱ्या झोपेने दुसऱ्या दिवशी भूक वाढते. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालावे. ते रक्तातील साखरेलाही मानवते.

४. प्रेम : हे शेवटी आले असले तरी प्रेरणेचे मूळ येथे आहे. आरशासाठी केलेला संयम आरसा खूश होईपर्यंत टिकतो, किंवा तो खूश होत नाही म्हणून सुटतो. मला तीनदा अपयश आले तेव्हा माझे ध्येय एक आकडा होता. चौथ्या वेळी मी एका कागदावर लिहिले : ‘माझ्या मुलीला मला वर्तमानपत्र वाचून दाखवावे लागू नये.’ तो कागद मी तिला कधी दाखवला नाही. स्वयंपाकघरातल्या फळीच्या आतल्या बाजूला चिकटवला आहे, फरसाणाच्या डब्याच्या जागी.

प्रेमाची दुसरी बाजू आपल्या आग्रहाची आहे. आपल्याकडे माया वाढण्यातून दाखवतात. ‘एवढ्यात काय झालं, अर्धी तरी घ्या’ असे म्हणणाऱ्या मावशींना शास्त्र सांगू नये. पानावर हात आडवा धरून ‘मावशी, पोट अगदी भरलं, फार छान झालं होतं’ एवढे म्हणावे आणि त्यांच्याजवळ दोन मिनिटे अधिक बसावे. त्यांनाही तेच हवे असते. आणि घरातल्या भगिनींविषयी एक गोष्ट सर्वांनीच लक्षात घ्यावी. सर्वांच्या मागून जेवून, ‘टाकायचं कसं’ म्हणून उरलेले संपवणे हे अनेक घरांत तिच्याच वाट्याला येते. अन्न वाया जाऊ नये हा संस्कार चांगला आहे. त्यासाठी बेताने रांधावे आणि उरलेले सर्वांनी वाटून घ्यावे. एकाच देहाला उरल्यासुरल्याची कोठी करू नये.

काट्यावर आकडा हलत नाही तेव्हा

प्रेरणा सुटण्याचे सर्वांत मोठे कारण वजनकाटा. दोन आठवडे उत्तम जातात, मग आकडा अडतो. अशा वेळी चेन्नईतच झालेला एक अभ्यास आठवावा. डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ५३१ भारतीयांना काही वर्षे पाहिले आणि २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांनी चालणे व आहार यांत सुधारणा केली, त्यांच्यात मधुमेह होण्याचा धोका, काहीच न बदललेल्यांच्या तुलनेत, सुमारे २८ टक्क्यांनी घटला. विशेष म्हणजे त्यांच्या वजनात म्हणण्यासारखा फरक पडला नव्हता. काटा स्थिर होता, तरी आत बदल होत होता.

म्हणून वजन आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या दिवशी सकाळी करावे. त्याबरोबर कंबर मोजावी. भारतीयांसाठी पुरुषांची ९० सेंटीमीटर आणि स्त्रियांची ८० सेंटीमीटर ही सावध होण्याची मर्यादा मानतात. जिना चढताना लागणारा दम, झोप आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या तपासण्या याही नोंदी ठेवाव्यात.

घसरल्यावर

घसरण होणारच. लग्नसराई येते, दिवाळी येते, आजारपण येते. घसरल्यापेक्षा घसरल्यानंतरचे वाक्य अधिक घातक असते : ‘आता मोडलंच आहे, तर सोमवारपासून पाहू.’ दोन लाडूंनी फारसे बिघडत नाही. त्यानंतरच्या पाच दिवसांनी बिघडते. पुढचे जेवण नेहमीसारखे घ्यावे, एवढेच प्रायश्चित्त. शिक्षा म्हणून उपाशी राहू नये, कारण शिक्षा झालेला घोडा पुढच्या संधीची वाट पाहत असतो.

अड्यारचा प्रसिद्ध वटवृक्ष अनेकांनी पाहिला असेल. १९८९ साली वादळात त्याचा मुख्य बुंधा कोसळला. तरी वृक्ष उभा आहे, कारण तोपर्यंत शेकडो पारंब्या जमिनीत रुजून खोडासारख्या झाल्या होत्या. निर्धार हा आपला मुख्य बुंधा. तो कधी ना कधी वादळात पडतो. ठरलेली वेळ, ताटातली उसळ, जेवणानंतरची फेरी, ‘वीस मिनिटांनी पाहू’ या लहान सवयी म्हणजे पारंब्या. त्या रुजल्या असतील तर बुंध्याच्या पडण्याने झाड जात नाही.

माझेच सांगायचे तर दीड वर्षात साडेपाच किलो उतरले. मध्ये दोनदा आकडा महिनोन् महिने अडला आणि एका दिवाळीत दीड किलो परत आले. ते पुन्हा उतरायला फेब्रुवारी उजाडला. अहवाल अजून सीमारेषेच्या आसपासच आहे, पण अलीकडच्या बाजूला. पूर्वीसारखे सोडून द्यावेसे मात्र वाटत नाही. भूक लागते, आणि आता तिची भीती वाटत नाही.

सावधानता

मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा साखर उतरवणारी औषधे घेणाऱ्यांनी जेवण कमी करण्यापूर्वी किंवा उपवास धरण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, कारण साखर एकदम उतरण्याचा धोका असतो. गर्भवती व स्तनपान देणाऱ्या माता, वाढत्या वयाची मुले, वयोवृद्ध आणि मूत्रपिंडाचे किंवा अन्य मोठे आजार असलेले यांनीही स्वतःच्या मनाने आहार बदलू नये. ज्यांना पूर्वी अन्न टाळण्याचा किंवा खाऊन ओकून टाकण्याचा त्रास झाला असेल, त्यांनी या वाटेने एकट्याने जाऊ नये. चक्कर, घाम, हातापायांना कंप ही ओसरण्याची वाट पाहण्याची भूक नव्हे. अशा वेळी ताबडतोब काहीतरी गोड खावे आणि वैद्यकीय सल्ला घ्यावा.

आठवड्याचा स्वाध्याय

१. सात दिवस, खाण्यापूर्वी एक क्षण थांबून स्वतःला विचारावे : भूक कोणाला लागली आहे? उत्तर वहीत एका शब्दात लिहावे – देह, वासना की मन. या आठवड्यात खाणे बदलू नये, फक्त नोंद करावी.

२. एक दिवस, भुकेच्या एका लाटेबरोबर घड्याळ लावून बसावे. ती किती मिनिटांनी ओसरली? (औषधे घेणाऱ्यांनी हा भाग वगळावा.)

३. ‘मला हे कशासाठी करायचे आहे?’ याचे उत्तर एका वाक्यात लिहावे. त्या वाक्यात किलोचा आकडा नसावा.

४. पुढील अभ्यासवर्गात आपापल्या नोंदींवर चर्चा करावी. कोणाचे किती वजन आहे, याची विचारपूस करू नये.

भूक ही आपल्याला दिवसातून तीन-चार वेळा भेटणारी गुरू आहे. तिच्याकडे शिकायला कोठे लांब जावे लागत नाही आणि एखादा धडा चुकला तर ती दुसऱ्या दिवशी पुन्हा शिकवायला येते. आपणा सर्वांचे देह सेवेला योग्य राहोत आणि लगाम स्वारांच्या हाती राहोत, ही सदिच्छा.